प्वालानचं पुस्तक पोचलं

सातारा

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

पार्सल पोचलं, पॅरिसच्या त्या प्वालान बेकरीचं पुस्तक. वजन बघून बाबांना वाटलं मिक्सरचं भांडं पाठवलंस. आता रोज रात्री मी ते पुस्तक उशाशी घेऊन जागते आणि दिवा कधी घालवणार म्हणून त्यांची कुरकुर चालते. तिकडे मी लक्ष देत नाही. पुस्तक २०१९ सालचं आहे म्हणालीस; असू दे, आपल्या घरात नवंच.

लंडनला तुझ्याकडे आले होते तेव्हा एलिझाबेथ स्ट्रीटवरच्या प्वालानच्या दुकानातून तू अर्धा पाव घेतलास. किंमत ऐकून मी गप्प बसले होते. पण तिसऱ्या दिवशी तो पहिल्या दिवसापेक्षा छान लागला, तेव्हा म्हटलं, हे प्रकरण वेगळं आहे. अख्खा पाव जवळपास १.९ किलोचा आणि वर चिरून काढलेलं 'पी' अक्षर. आत काय, तर दगडी जात्यावर दळलेलं पीठ, पाणी, गेरांदचं समुद्राचं मीठ आणि आदल्या घाण्यातला राखून ठेवलेला आंबट गोळा. बस. या गोळ्यातलं खमीर सावकाश काम करतं, त्यातल्या आंबटपणामुळे पाव लवकर खराबही होत नाही. म्हणून तुझ्या त्या लहानशा स्वयंपाकघरात तो इतके दिवस टिकला.

पॅरिसमध्ये शेर्श-मिदी नावाच्या रस्त्यावर १९३२ साली पिएर प्वालानने दुकान काढलं. गडी नॉर्मंडीचा. शहरात सगळ्यांना पांढरा, कुरकुरीत, काठीसारखा लांब 'बॅगेट' पाव हवा असताना हा आपला काळपट, जाड सालीचा गावठी पाव लाकडाच्या भट्टीत भाजत राहिला. आसपासच्या चित्रकारांकडे पैसे नसायचे, तर तो पावाच्या बदल्यात पावाची चित्रं घ्यायचा. दुकानाच्या मागच्या खोलीत ती लावलेली आहेत. उधारीची वही ठेवण्यापेक्षा हे बरं!

पुढे त्याचा मुलगा लिओनेल. त्याला चौदाव्या वर्षी भट्टीवर उभं केलं, मनाविरुद्ध. १९७० मध्ये कारभार त्याच्याकडे आला. मग साल्वादोर दाली नावाचा तो मिशीवाला चित्रकार त्याच्याकडे आला आणि म्हणाला, मला पावाची अख्खी बेडरूम करून दे. का, तर घरात उंदीर आहेत का ते कळेल म्हणे! मी एकटीच मोठ्याने हसले आणि बाबांची झोप मोडली. तसंच पावाचं झुंबर अजून दुकानात टांगलेलं असतं.

पण लिओनेलची मला पटलेली गोष्ट दुसरीच. धंदा वाढला तेव्हा त्याने पॅरिसबाहेर बिएव्रला मोठा कारखाना उभारला, लाकडावरच्या २४ भट्ट्यांचा. तिथेही एकेका पावाची जबाबदारी एकाच कारागिरावर, पीठ भिजवण्यापासून पाव बाहेर काढण्यापर्यंत. एकाने मळायचं, दुसऱ्याने वळायचं, तिसऱ्याने भाजायचं आणि बिघडलं की एकमेकांकडे बोट दाखवायचं, हे तिथे चालत नाही. तुझ्या ऑफिसबद्दल तू फोनवर जे सांगतेस ते ऐकून वाटतं, तुमच्या साहेबांनाही हे पान वाचायला द्यावं.

२००२ च्या ऑक्टोबरात लिओनेल आणि त्याची बायको इरेना हेलिकॉप्टरच्या अपघातात गेले. मोठी मुलगी अपोलोनिया अठरा वर्षांची, धाकटी तिच्याहून लहान. ही पोर दुसऱ्या दिवशी दुकानात हजर. मग अमेरिकेत हार्वर्डला अर्थशास्त्र शिकायला गेली आणि वसतिगृहातल्या खोलीतून पॅरिसचा धंदा सांभाळला. तुला सांगून ठेवते, मी हे तुझ्याशी तुलना करायला लिहीत नाहीये. अठराव्या वर्षी तू स्वतःचा टॉवेल वाळत घालत नव्हतीस आणि माझी त्याबद्दल आज काही तक्रार नाही. कुणावर अशी वेळच येऊ नये. पुस्तक तिनेच लिहिलंय, आणि आईवडिलांबद्दल लिहिताना कुठे गळा काढलेला नाही. ते मला आवडलं.

आता स्वयंपाकाचं. तो मोठा पाव मी करणार नाही. आपलं चक्कीचं पीठ बारीक, पाणी फार पितं, आणि एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात आंबवण दुपारपर्यंत उतू जाईल. शिवाय आपल्या छोट्या ओव्हनमध्ये तेवढा गोळा मावायचा नाही. तो पाव त्यांनीच करावा.

बिस्किटं मात्र केली. लोणी, साखर, अंडं, मैदा, एवढ्यावर होणारी ती पातळ, गोल, नखरे नसलेली बिस्किटं. प्वालानांच्या घरातली एक आजी नातवंडांना शिक्षेला बोलावल्यासारखी हाक मारायची आणि जवळ गेलं की मुठीतून हीच बिस्किटं काढायची, असं सांगतात. फ्रान्सच्या लोण्यात किमान ८२ टक्के स्निग्धांश लागतो, आपल्याकडे ८०. फरक थोडा, पण घरच्या लोण्यात पाणी बरंच राहतं, म्हणून बिनमिठाचं विकतचं आणलं. पीठ घातल्यावर फार मळायचं नाही, गोळा फ्रिजमध्ये घट्ट होऊ द्यायचा. नक्षीचा साचा नव्हता, मग करंजीच्या कातण्याने कडा फिरवल्या. आपल्या आजीला अंडं चालत नाही. तिच्यापुरता गोळा चमचाभर दुधात भिजवला. तीही छान झाली, जरा जास्त भुसभुशीत. आजी म्हणाली, "नानकटाईच आहे, तूप कमी पडलंय." आता फ्रेंचांनी यावर काय म्हणावं?

सगळ्यात जास्त वेळ मी रमले ती शिळ्या पावाच्या पानांवर. चुऱ्याचा ग्रॅनोलासुद्धा आहे, म्हणजे दुधा-दह्यात घालून खायचा भाजका, कुरकुरीत चुरा! एवढं नावाजलेलं दुकान, आणि उरलेल्या तुकड्याचं काय करायचं ते इतक्या मनापासून सांगतंय. आपली फोडणीची पोळी जशी मुद्दाम पोळ्या उरवून करावीशी वाटते, तसंच ते वाचून पाव शिळा होण्याची वाट बघावीशी वाटते. इथल्या मऊ स्लाइस ब्रेडवर करून पाहिलं, पण त्याचा भुगा होतो, चावायला काही उरत नाही.

तर डिसेंबरात येताना चॉकलेटं आणू नकोस, बाबांची साखर वाढलीय. अख्खा पाव आण. निघायच्या आदल्या दिवशी घे, कापडात गुंडाळ, प्लास्टिकमध्ये कोंबू नकोस, साल मऊ पडेल. बॅगेत दोन किलोची जागा आत्ताच धरून चाल. आणि किंमत मला सांगू नकोस.

तुझी,
आई