लिंबू म्हणजे किती मिलीमीटर?

संपादक साहेब,

परवाच्या बातमीत गारा 'लिंबाएवढ्या' अन् बुडालेली शेती 'क्रिकेटच्या अमुक मैदानांएवढी' होती. लिंबू कोणतं पण, आमच्या बांधावरचं का बाजारातलं? आमच्या बाबांनी तर खरंच झाडाचं लिंबू तोडून, मधातून कापून पोराच्या पट्टीवर ठेवलं, ३८ मिलीमीटर भरलं, मग तेच छापा ना भाऊ. मैदानाचं तर बोलूच नका, पीच तेवढी २२ यार्डाची फिक्स, बाकी ग्राऊंड जिथं तिथं लहान-मोठं. आम्हाले एकर समजते, सातबारावर हेक्टर-आर असते, १ हेक्टर म्हणजे अडीच एकराच्या जवळपास, एवढा हिशोब पोट्टंही करते. अन् धरणाचं पाणी कधी टीएमसी (अब्ज घनफूट) कधी दलघमी (दशलक्ष घनमीटर), १ टीएमसी म्हणजे २८.३ दलघमी हे बाजूला लिहायले जागा किती लागते?

एक कापूसवाला वाचक, जि. यवतमाळ