कोड चांगला लिहितो म्हणून मॅनेजर?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत आयटीतल्या प्रमोशनवर आलंय ते वाचलं. बाकी ठीक, पण मॅनेजर झालं की गंगेत घोडं न्हालं असा जो सूर आहे ना, त्यावर लिहावंसं वाटलं.

मी ११ वर्षं हिंजवडीत जावा या भाषेत कोड लिहिला, बऱ्यापैकी चांगला लिहायचो, म्हणून एका अप्रेझलला हाताखाली सात जण दिले. ट्रेनिंग म्हणजे दोन तासांचा व्हिडिओ, तोही मी दीडपट स्पीडने पळवला. काम मात्र तेच, म्हणजे पोरांनी कोड पाठवायचा, मला तो पटायचा नाही, मग समजावत बसण्यापेक्षा आपणच केलेलं बरं म्हणून रात्री सगळा परत लिहायचो आणि सकाळी मर्ज, म्हणजे मुख्य कोडमध्ये जोडून मोकळा. वर वाटायचं, मी टीमला सांभाळून घेतोय!

मग साताऱ्याला बहिणीचं लग्न. ऐन हळदीत रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, अडकलं, सात जणांत एकाला सुटेना. पिवळ्या हातांनी फोन धरून मी सर्व्हरची सेटिंग्ज सांगतोय आणि मामा म्हणतात, "अरे तू साहेब झालास ना?" परत आल्यावर टीमवर जाम चिडलो, तर नांदेडचा एक पोरगा, एरवी तोंड न उघडणारा, म्हणाला, "सर, तुम्ही आम्हाला करूच कुठे दिलंत?" तीन महिन्यांत त्याने राजीनामा दिला.

गूगलने २००२ मध्ये इंजिनिअरिंग मॅनेजर काढूनच टाकले होते, पण काही महिन्यांत बिलं आणि आपसातली भांडणं थेट संस्थापक लॅरी पेजपर्यंत जायला लागली आणि मॅनेजर परत आणावे लागले. पुढे 'प्रोजेक्ट ऑक्सिजन' या स्वतःच्याच अभ्यासात त्यांनी चांगल्या मॅनेजरचे आठ गुण काढले, त्यात पहिला चांगला कोच असणं आणि टेक्निकल ज्ञान पार आठवं. इंजिनिअरांच्या कंपनीत, बरं का. आपल्याकडे आठव्यावर प्रमोशन देतात आणि पहिलं कोणी विचारत नाही.

आणि ज्याला माणसं नकोत, कोडच हवाय, त्याने काय करायचं? आर्किटेक्ट, प्रिन्सिपल इंजिनिअर अशी माणसं न सांभाळता वर जायची वाट कागदावर असते, पण पगार आणि मान मॅनेजरला, आणि स्थळ बघायला आलेलेही हेच विचारतात, हाताखाली किती माणसं? (माझ्या वेळी विचारलेलं.) ती वाट खरी करा, आणि माणसं द्यायच्या आधी सहा महिने एखाद्या जुन्या मॅनेजरबरोबर बसवा, एवढंच म्हणणं आहे.

परवा रात्री अकराला प्रोडक्शन, म्हणजे ग्राहक वापरतात ती चालू सिस्टीम, बंद पडली. चूक मला वीस मिनिटांत दिसली होती, पण कॉलवर स्वतःला म्यूट करून बसलो, फक्त "लॉग बघा" (सिस्टीमने केलेल्या नोंदी) एवढंच मधे दोनदा बोललो. टीममधल्या मुलीने एक वाजता शोधून काढली, आनंदाने ओरडलीच ती. सकाळी वरून मेल, दोन तास का लागले? त्याला काय उत्तर द्यायचं ते अजून ठरत नाहीये.

एक वाचक, पिंपळे सौदागर, पुणे