मोटर वायंडिंगवाल्या भाऊंना

नमस्कार भाऊ,

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आपल्या भागात ज्याची ज्याची मोटर जळली, तो तुम्हाला ओळखतोच.

माझ्या पोरीचा प्रश्न साधा होता. पट्टीचुंबकाच्या चित्रात बलरेषांचे बाण उत्तर ध्रुवातून निघतात अन् दक्षिण ध्रुवात शिरतात. शिरल्यावर त्या जातात कुठं? शिकवणीत उत्तर मिळालं, "आतलं परीक्षेला येत नाही, बाण पाठ कर." त्या फीचं मला काही नाही, पण चारचौघांत माझ्या पोरीला गप्प बसवलं ते मी विसरणार नाही. ऐन दहावीत तिनं हात वर करणंच सोडलं होतं.

तुम्ही तिला आधी ओट्यावर नेलं, दुकानातल्या लोखंडानं होकायंत्राची सुई भरकटते म्हणून. लोहकिसानं रेषेचा आकार दिसतो, दिशा मात्र सुईचं उत्तर टोक दाखवतं, हे तिनं स्वतः सुई फिरवून पाहिलं. पण भरीव चुंबकाच्या आत सुई कशी घालणार? तुम्ही पाइपच्या तुकड्यावर तांब्याची तार गुंडाळली अन् फवारणी पंपाची बॅटरी जोडली. वीज वाहिली की ते वेटोळंही पट्टीचुंबकासारखंच वागतं, अन् आतून पोकळ! बाहेर बाजूला धरलेली सुई उत्तर ध्रुवाकडून दक्षिण ध्रुवाकडे दाखवायची, आत सरकवली तर दक्षिणेकडून उत्तरेकडे. रेषा कुठं संपतच नाही, फिरून स्वतःलाच मिळते, हे तुम्ही नाही, तिनंच सांगितलं.

नेमके तेव्हाच एक दादा जळकी मोटर घेऊन आले होते. हरभऱ्याचं पाणी खोळंबलेलं. तुम्ही वर न पाहता म्हणालात, "थांब न भाऊ, पोरीनं लय बरोबर इचारलं. आंदी हे, मंग तुई मोटर."

भाऊ, चुंबकाचं उद्या कोणीही समजावून सांगेल. पण रोख देणाऱ्या गिऱ्हाइकाच्या आधी तिच्या प्रश्नाचा नंबर लागला, हे तिला आयुष्यभर पुरेल. अन् ते दादा तरी किती भले! कुरकुर नाही, उलट खाली बसून सुई पाहू लागले. शिकलेल्यांकडे नसलेला धीर अशा माणसांकडे असतो, म्हणून तर खेड्यातली पोरं तगतात.

आता तिला मोटर का फिरते ते समजून घ्यायचंय. ओलिताची गर्दी ओसरली की पाठवते. ते वेटोळं तिनं शाळेत दाखवायला नेलंय, तेव्हा परत आणून देईल.

तुमची,
तिची आई