साडेपंधरा वर्षांच्या फायली कुठे आहेत?

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत दोन पदव्या आहेत. वडिलांच्या १९८२च्या पदवीवर नुसतं ‘मराठवाडा विद्यापीठ’. माझ्या १९९७च्या पदवीवर ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’. “मध्ये काय झालं?” मुलीने परवा विचारलं. मी सांगितलं ते सगळं ऐकीव.

२३ ऑगस्ट १९५८ला पंडित नेहरूंच्या हस्ते विद्यापीठाचं उद्घाटन, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. त्याआधी आमच्याकडची कॉलेजं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. बाबासाहेबांनी १९५०मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत कॉलेज काढलं (तेच पुढचं मिलिंद), तेव्हा इथे विद्यापीठ यायला आणखी आठ वर्षं होती. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या, ही मागणी हवेतून आलेली नव्हती, ती अशी.

२७ जुलै १९७८ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव मंजूर केला. मग मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. त्या हिंसाचारात पोचीराम कांबळे मारले गेले. १९७९ला नामांतरासाठी नागपूरहून लाँग मार्च निघाला. नोव्हेंबर १९९३मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी याच मागणीसाठी स्वतःला पेटवून घेतलं. १४ जानेवारी १९९४ला निर्णय आला. ठरावाला जवळजवळ साडेपंधरा वर्षं झाली होती, आणि मागितलं होतं नामांतर, मिळाला नामविस्तार: जुनं नाव तसंच ठेवून त्याआधी बाबासाहेबांचं नाव जोडलं.

हा ‘विस्तार’ कुणाच्या डोक्यातून निघाला, कुठल्या टिपणीवर आधी लिहिला गेला? आंदोलनाची बाजू कार्यकर्त्यांनी गाण्यांतून, आठवणींतून जपली. सरकारची बाजू मात्र फायलींत असणार: मंत्रालयात, जिल्हाधिकारी कार्यालयांत, विद्यापीठाच्या कार्यकारी परिषदेच्या इतिवृत्तांत. त्या फायली कुठे आहेत आणि कुठल्या अवस्थेत आहेत, एवढं आधी जाहीर करा. मग त्यांच्या प्रती विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवा. पीएचडीच्या पोरांना अर्ज-विनंत्या करायला लावू नका.

दुसरं काम जास्त घाईचं. १९७८ला विशीत असलेला माणूस आज पासष्टी ओलांडून गेलाय. मोर्चात चाललेले, घर जळताना पाहिलेले, आणि हो, नामांतराला विरोध केलेलेसुद्धा, सगळ्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करायला हव्यात. इतिहास विभागाला थोडा निधी आणि चार रेकॉर्डर दिले तरी सुरुवात होईल.

दर १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर माणसं येतात, पायरीवर डोकं टेकतात. येत्या १४ तारखेला त्यांच्यासाठी पहिली फाईल खुली करता येईल का?

आपला,
एक माजी विद्यार्थी