फ्लॅट बघायला जाशील तेव्हा

चि. सई,

दोन्ही फ्लॅटचे फोटो बघितले, बाबांनाही मोठे करून दाखवले. किचनचा ओटा तर आपल्या दुप्पट आहे गं. स्विमिंग पूल, जिम, क्लब हाऊस सगळं आहे आणि खाली तू लिहिलंयस, आई सांग ना कुठला घेऊ. मी काय सांगणार, लग्न होऊन आले ती थेट शिवाजी पार्कात, त्यानंतर दुसरीकडे कुठे राहिलेच नाही. पण एक कर, संध्याकाळी सातला जा आणि तिथली माणसं फुकटात कुठे बसतात ते बघ.

आपल्याकडे तरी काय आहे म्हणा. बिल्डिंग जुनी, गोल बाल्कनीची, तीन मजले आणि लिफ्ट नाही, माझे गुडघे रोज आठवण करून देतात. उन्हाळ्यात मैदानाची ती लाल माती, सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहून घ्या. पार्किंगचं तर बोलूच नको.

पण कट्टा आहे ना. मैदान १९२५ साली खुलं झालं तेव्हा माहीम पार्क होतं, नगरसेविका अवंतिकाबाई गोखल्यांनी नेट लावला म्हणून १९२७ ला शिवाजी पार्क नाव झालं, हे तुला शाळेत असताना सांगितलेलं, विसरली असशील. एवढ्या मोठ्या मैदानाला उंच भिंत न घालता बसता येईल असा बुटका कट्टा घातला, ज्याने कोणी हे सुचवलं त्याचं भलं होवो. आत एकाच वेळी इतक्या मॅचेस चालू की एकाचा फिल्डर दुसऱ्याच्या पिचवर. आचरेकर सरांचा सचिन इथेच घडला, आणि आपल्या दादाला पण हौसेने बॅट आणून दिलेली, आठ दिवसांत माळ्यावर गेली.

तुला एक सांगायचं राहिलंच. बाबांचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं. पूर्ण चक्कर झेपायची नाही, मग पुतळ्याच्या बाजूला कट्ट्यावर टेकायचे. तिथे चार-पाच जण रोजचे बसणारे, कोणाचं नाव कोणाला माहीत नाही, गप्पा मात्र डाळीच्या भावापासून टीमच्या सिलेक्शनपर्यंत. मग बाबांना ताप आला, तीन दिवस गेले नाहीत. चौथ्या दिवशी संध्याकाळी वॉचमन वर आला, म्हणाला खाली दोन जण आलेत, विचारतायत निळ्या टोपीवाले काका याच बिल्डिंगमध्ये राहतात का. दोन-तीन बिल्डिंगमध्ये विचारत आले होते बिचारे! चहा झाला, बाबा टोपी घालून बाहेर आले (घरात टोपी!), आणि इतकं सगळं होऊन नावं विचारायची राहिलीच, अजून पण माहीत नाहीत.

तुझ्या त्या क्लब हाऊसला टायमिंग आहे, बुकिंग आहे, गेस्टचे वेगळे चार्जेस आहेत, मी वाचलं सगळं. वाईट नाही म्हणत मी. दुसऱ्या फ्लॅटच्या फोटोत गेटबाहेर एक पार दिसतोय, झाडाखाली, त्यावर कोणीतरी बसलंय असं मला वाटलं, बाबा म्हणतात सिमेंटची गोणी आहे. तू जाऊन बघ आणि कळव.

आणि शनिवारी येतेस तर डबे घेऊन ये, माझे चार तुझ्याकडेच आहेत.

आई