केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णांच्या पोषणासाठी साहाय्याचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान पुढच्या टप्प्यावर झालेल्या अनेक रुग्णांचे वजन केमोथेरपीचा पहिला डोस मिळण्यापूर्वीच घटलेले असते. गाठीमुळे शरीरात चालू राहणारा दाह भूक मारतो आणि स्नायू झिजवतो. त्यात धाप, गिळण्याचा त्रास आणि उपचार सुरू झाल्यावर मळमळ, तोंड येणे, चव जाणे यांची भर पडते. सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून अधिक वजन प्रयत्नांशिवाय उतरणे हे २०११ च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार कर्करोगजन्य क्षीणतेचे लक्षण मानले जाते.

या क्षीणतेचा फटका थेट उपचारांना बसतो. अनेक औषधांची मात्रा उंची आणि वजनावरून ठरते, मात्र त्या वजनात स्नायू किती आणि चरबी किती हे त्या हिशेबात येत नाही. स्नायू झिजलेल्या रुग्णाला तीच मात्रा अधिक जाचण्याची शक्यता असते. पांढऱ्या पेशी घसरतात, संसर्ग होतो आणि साधारण तीन आठवड्यांनी द्यायचा पुढचा डोस लांबवावा किंवा कमी करावा लागतो. अंगाने भरलेला रुग्णही आतून स्नायू गमावून बसलेला असू शकतो, म्हणून नुसत्या नजरेवर विसंबणे आम्हाला धोक्याचे वाटते.

पोषणाने कर्करोग बरा होत नाही आणि ही झीज केवळ आहाराने पूर्ण भरूनही निघत नाही, हे आम्ही देणगीदारांना आधीच सांगतो. तरीही दर किलो वजनामागे दिवसाला २५ ते ३० किलोकॅलरी आणि १ ते १.५ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे उद्दिष्ट सामान्यतः ठेवले जाते. खर्चामुळे किंवा मार्गदर्शनाअभावी ते अनेकांना गाठता येत नाही.

यासाठी आमची रुग्णसाहाय्य समिती आहारतज्ज्ञांचे मानधन, वजनकाटे, हाताच्या पकडीची ताकद मोजणारे उपकरण आणि गरजू रुग्णांसाठी प्रथिनयुक्त पूरक आहार यांकरिता निधी उभारत आहे. त्यातही आहारतज्ज्ञांच्या मानधनाला आम्ही प्राधान्य देणार आहोत, कारण सल्ला पहिल्या डोसाआधी मिळाला तर त्याचा अधिक उपयोग होऊ शकतो. रुग्णांच्या वजनाची नियमित नोंद ठेवू शकणारे स्वयंसेवकही हवे आहेत.

आपली देणगी समितीच्या कार्यालयात पावती घेऊन जमा करावी. पूरक आहाराचे डबे देताना ते सीलबंद आणि मुदतीतील असावेत; मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह असलेल्या रुग्णांना कोणता डबा चालेल हे डॉक्टर ठरवत असल्याने, ते परस्पर रुग्णाच्या घरी देऊ नयेत, ही विनंती.