नाच बसवायला कोणीतरी या हो! (मंडळाचं आवाहन)

नमस्कार मंडळी,

सगळ्या वाडीकरांना, मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांना आणि सासरी गेलेल्या आपल्या लेकींनासुद्धा. तुळशीचं लग्न तोंडावर आलंय, म्हणजे तालमी सुरू व्हायची वेळ, माघी गणपतीला नाटक उभं राहायचंय, आणि यावेळी मी वर्गणीसाठी लिहीत नाहीये हे आधीच सांगून टाकतो नाहीतर अर्धे लोक पहिली ओळ वाचून मोबाईल खिशात टाकतात (वर्गणीचं शेवटी आहेच). यावेळी माणूस हवाय. नाच बसवणारा बुवा किंवा बाई, हल्ली कोरिओग्राफर म्हणतात ते. सेवा म्हणून, म्हणजे फुकट.

आता तुम्ही म्हणाल आपल्या गावाला नाच बसवायला माणूस लागतो? शिमग्यात खेळे (सोंगं घेऊन नाचणारी मंडळी) नाचवणारं गाव आपलं, गणपतीत जाखडीच्या गोल नाचाला अख्खी वाडी जागी असते. बरोबर आहे. पण आजवर ते सगळं आपोआप होत होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी जरा आठवावं.

आपले खेळ्यांचे मास्तर. त्यांचं नाव लिहायची गरज नाही, गावात मास्तर म्हटलं की एकच. सभामंडपाच्या लादीवर खडूने गोल काढून कोणी कुठे उभं राहायचं ते आखायचे, सकाळी गुरव येऊन ते पुसायचे आणि ओरडायचे, रात्री मास्तर परत काढायचे, असं वर्षानुवर्षं चाललं. खेळ्यांतल्या संकासुराच्या सोंगाची उडी त्यांनी तीन पिढ्यांना शिकवली. गोमू, म्हणजे बाईचं सोंग, झालेल्या पोराला लाजायचं कसं ते स्वतः पदर घेऊन दाखवायचे आणि अख्खी तालीम हसून लोळायची. एक पैसा घेतला नाही. एकदा मंडळाने शाल-नारळ दिला तर शाल दुसऱ्या दिवशी मृदंगावर घातलेली सापडली. आता गुडघ्यांनी दगा दिलाय, खुर्चीत बसून काठीने ताल देतात, पण उठून दाखवता येत नाही याचं त्यांनाच जास्त वाईट वाटतं.

त्यांच्यानंतर खालच्या वाडीच्या वहिनींनी सांभाळलं. भरतनाट्यम शिकून आलेल्या, आम्हाला वाटलं होतं आपली गावठी पोरं यांच्या हाताखाली काय टिकणार, पण त्यांनी आधी महिनाभर नुसतं बघितलं, मास्तरांच्या शेजारी बसून जाखडीची पावलं वहीत लिहून घेतली आणि मगच तोंड उघडलं. लेक तान्ही होती, तिला पेटीच्या खोक्याशेजारी गोधडीवर झोपवून तालीम घ्यायच्या. राज्य नाट्य स्पर्धेला आपण रत्नागिरीच्या सावरकर नाट्यगृहात प्रयोग केला तेव्हा नंबर नाही आला, पण वरातीच्या नाचाला टाळ्या थांबेनात, मी विंगेत होतो, मला माहितीये. भावोजींची बदली झाली, त्या गेल्या. तेव्हापासून दोन वर्षं आपण ढकलगाडी चालवतोय.

आणि पडद्याचं काय. तो लाल मखमली पडदा १९८२ च्या गिरणी संपाच्या आधीचा आहे. लालबाग-परळच्या खोल्यांत दाटीवाटीने राहणाऱ्या आपल्या माणसांनी पगारातून काढून पाठवलेला, स्वतःच्या खोलीच्या दाराला धड पडदा नव्हता त्यांनी गावच्या स्टेजला मखमल दिली. संपानंतर त्यातले कितीतरी गावाला परत आले आणि त्याच पडद्यामागे उभे राहिले. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात स्टेजचे पत्रे उडाले तेव्हा पडदा कपाटात होता म्हणून वाचला. पत्र्यांसाठी बंदरावरच्या बोटवाल्यांनी दोर दिले, बागायतदारांनी आंब्याच्या पेट्यांमागे रक्कम काढून दिली, आणि ज्या काकींनी मासे विकून आलेले पैसे रुमालात बांधून आणून दिले त्यांनी पावतीसुद्धा घेतली नाही. तेव्हा हे मंडळ कोणाच्या जीवावर उभं आहे ते आम्हाला विसरायचं नाही.

आता नाटकाचं. यावेळी संहिता आपली स्वतःची आहे, शाळेतून रिटायर झालेल्या आपल्या गुरुजींनीच लिहिलीये, खाडीवर पूल व्हायच्या आधी माणसं पलीकडे नेणारी जी होडी, म्हणजे तर, चालायची तिच्यावर. तांडेल (होडी हाकणारा), त्याची म्हातारी आई, तरीतून पलीकडे निघालेली वरात, ओहोटीचा अंदाज चुकतो आणि वरात गाळात रुतते, नवरा खाडीत, नवरी काठावर, मुहूर्त टळत चाललाय. नाव अजून ठरलेलं नाही, त्यावरून दोन मिटिंगा झाल्या आणि तिसरीत रजिस्टरवर चहा सांडला, असो. सुरुवातीला आपल्या कोकणी नमन-खेळ्यांसारखा गण आणि गौळण, मध्ये जाखडी, एक कोळ्यांचं गाणं, आणि तांडेलाच्या स्वप्नात संकासुर येतो. एकूण सात गाणी. पेटी, मृदंग, झांजा सगळं आपलं जिवंत वाजणार. ट्रॅक लावून नाचायचं नाही असं कमिटीने ठरवलंय आणि त्यावर मी तरी ठाम आहे.

गोची कुठे आहे ती सांगतो, म्हणजे येणाऱ्याला कामाचा अंदाज येईल. जाखडीत गाणारे-वाजवणारे मधे बसतात आणि नाचणारे भोवती गोल फिरतात, अंगणात चारी बाजूंनी लोक बसलेले असतात तेव्हा ते झकास दिसतं. स्टेजवर लोक एकाच बाजूला! म्हणजे अर्धा वेळ प्रेक्षकांना नुसत्या पाठी दिसतात आणि मधे बसलेले गाणारे बुवा तर दिसतच नाहीत. गेल्या वर्षी तेच झालं. आता तो गोल कुठे फोडायचा, चंद्रकोर कधी करायची, परत गोल कसा जुळवायचा, हे बाहेरून बघणाऱ्यालाच कळतं, नाचणाऱ्याला कळत नाही. दुसरं म्हणजे आपला मृदंगवाला रंगात आला की लय चढवतो, पुढची पोरं पळतात आणि मागची लग्नातल्या पंगतीत वाढप्याची वाट बघावी तशी उभी. आणि ती तरीची होडी! ती बनवायची नाही असं ठरलंय (बजेट), चौदा माणसांनी अंगानेच होडी दाखवायची, एकीकडे कलली की सगळ्यांनी कलायचं, रुतली की सगळ्यांनी धक्का खायचा. आम्ही करून बघितलं. एसटीत उभ्याने चाललेल्या माणसांसारखं दिसलं.

म्हणून सांगतो, मोठा नर्तक नकोय. क्लासचं सर्टिफिकेट नकोय. शाळेच्या गॅदरिंगचे नाच बसवलेल्या बाई चालतील, मुंबईत जाखडीच्या ग्रुपमध्ये नाचलेला पोरगा चालेल, फक्त फिल्मी स्टेप्स घुसवू नका एवढंच. समोर बसून बघणारा, न चिडता दहा वेळा तेच सांगणारा आणि मास्तरांचं ऐकून घेणारा माणूस पाहिजे. मास्तर रोज येणार आहेत, खुर्ची ठेवलीये.

आता थोडं मनातलं, राग मानू नका. गणपतीच्या आधी हाच निरोप ग्रुपवर टाकला होता. अंगठे किती आले? मोजले मी, ४१. माणूस किती आले? एक, आणि तोही स्पीकर भाड्याने पाहिजे का विचारायला. डीजेला एका रात्रीत किती जातात ते सगळ्यांना माहितीये, त्याला कोणी बघूया म्हणत नाही. आणि गेल्या वर्षीचा प्रयोग झाल्यावर मात्र कट्ट्यावर बसून "नाच जरा ढिला वाटला यावेळी" म्हणणारे बरेच भेटले. अहो ढिला होताच, आम्हाला दिसत नव्हतं का. बसवणारंच कोणी नव्हतं तर घट्ट कुठून होणार. एवढं बोललो, आता नाही बोलत.

तर तालमी तुळशीच्या लग्नानंतरच्या सोमवारपासून, सोम ते शनि रात्री ८:३० ते १०:३०, देवळाच्या सभामंडपात, प्रयोग माघ शुद्ध चतुर्थीच्या रात्री, म्हणजे हातात जेमतेम अडीच महिने, त्यात नाचणारे २२ पण रोज २२ मिळतील असं समजू नका, खलाशी पोरं बोटीवर असतात आणि बागायतदार मोहोराच्या फवारणीत (मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, पोरं तेव्हाच रिकामी पण त्या पावसात नाटक कुठे करणार), रोज जमत नसेल तर आठवड्यातून तीन दिवस तरी, मुंबईकर कोणी असेल तर शनिवार-रविवार चालेल पण शेवटचे दहा दिवस पूर्ण हवेत, मानधन नाही, गाडीभाडं मिळेल, जेवण आळीपाळीने घराघरांत, सामिष-निरामिष आधी सांगा, राहायची सोय गुरुजींच्या माडीवर, पावस-पूर्णगड बाजूने रोज येऊन-जाऊन करणाऱ्याला रात्री बाईकवर सोडू, व्हिडिओ कॉलवरून शिकवतो म्हणू नका, रेंज पाखाडी (पायऱ्यांची वाट) चढून गेल्यावर येते. नाव माझ्याकडे किंवा दुकानात वहीत लिहा, त्रिपुरी पौर्णिमेच्या आत. घुंगरांचे चाळ ज्यांच्या घरी पडून असतील त्यांनी तेही आणून द्या, नऊ जोड कमी आहेत. वर्गणी गेल्या वर्षीएवढीच, खजिनदारांकडे, पावती घ्या.

आपला,
सेक्रेटरी

ता.क. वहिनी, तुम्ही हे वाचत असाल तर ती जाखडीच्या पावलांची वही तुमच्याकडेच राहिलीये का बघा, नसेल पाठवता येत तर पानांचे फोटो तरी टाका. आणि छोटी आता केवढी झाली?

ता.क. २. तालमीला येताना बॅटरी आणा, देवळाकडच्या वळणावरचा दिवा अजून लागलेला नाही.